सव्वा फुटाची पोकळी

मी फक्त एक भिंत थोडी तिरकी करायची ठरवली होती. तीही कॉम्प्युटरवर. शेजारच्यांच्या घरात डोकं घालायचा माझा अजिबात विचार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या मजल्यावर सध्या वेगळंच बोललं जातंय.

त्याचं असं झालं. माझी बायको कपडे शिवते. (उत्तम शिवते. माझ्या अंगावर ते दिसत नाही, हा दोष अंगाचा.) तिचं मशीन गेली अकरा वर्षं आमच्या हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर आहे. जेवायची वेळ झाली की मशीन पलंगावर, जेवणं झाली की परत टेबलावर. एकदा माझ्या घासात हुक आलं. मी ते निमूटपणे ताटाच्या कडेला ठेवलं, तर ही म्हणाली, "बरं झालं सापडलं, सकाळपासून शोधतेय."

अशात एका बँडमास्तरांनी तिला विचारलं, आमच्या चाळीस वादकांचे चाळीस कोट शिवाल का? लालभडक, सोनेरी किनारीचे. एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच चालून आलं होतं. हो की नाही ते रविवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

"नाहीच म्हणावं लागणार," ती म्हणाली. "चाळीस कोट ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?" मग मशीनवरून उगाच फडकं फिरवत हळूच म्हणाली, "मला मनापासून करायचं होतं हो हे काम."

ते ऐकून मला अगदी गलबलून आलं. मी ताडकन म्हणालो, "रविवारच्या आत तुला मशीनसाठी जागा काढून देतो!" (आयुष्यात मी जे जे ताडकन म्हणालो, त्यातलं काही नीट पार पडलेलं नाही. लग्नाला हो मी असंच म्हणालो होतो. ते तिने पार पाडलं.)

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या कारकुनाकडे घराचे आराखडे काढायचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. ते घरी आणलं आणि मी हरखूनच गेलो. माउसने रेघ ओढली की भिंत! चूक झाली की एक बटण दाबायचं, भिंत गायब! हॉलच्या एका कोपऱ्यात तिरकी भिंत घातली तर तिच्यामागे मशीनची खोली होईल, असा माझा बेत. पण त्या सॉफ्टवेअरला सरळ भिंतींची भारी आवड. मी तिरकी ओढायचो, ते खटकन सरळ करायचं. तासभर आमची ही ओढाताण चालली. शेवटी 'सरळ रेघा' समोरची बरोबरची खूण काढून टाकल्यावर भिंत मोकळी झाली आणि थेट न्हाणीघरात घुसली.

पंचेचाळीस अंशांवर तिला कशीबशी थांबवून मी बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"ही जागा त्रिकोणी आहे."

"हो. मॉडर्न आहे."

"मशीन चौकोनी आहे. आणि मला गुडघेही आहेत. ते कुठे ठेवू?"

गुडघ्यांचा विचार माझ्याकडून राहून गेला होता. पण सॉफ्टवेअरमध्ये कोनाडा पाडायचीही सोय होती. भिंतीवर टिचकी मारायची, लांबी-रुंदी-खोली लिहायची, की भिंत आत जाते. मशीन कोनाड्यात गेलं की गुडघे त्रिकोणात मावतील! प्रश्न एवढाच, की दीड फूट खोल कोनाडा जाईल अशी भिंत आणायची कुठून?

दुसऱ्या दिवशी बायको अस्तराचं कापड बघायला बाजारात गेली, तेव्हा मी खरी मापं घ्यायला निघालो. आतून मोजताना कपाटं आडवी येत होती, म्हणून फरशा मोजल्या. एकेक फरशी एक फुटाची. हॉल बारा, आतली खोली दहा, भिंतींचा मिळून एक. तेवीस फूट. मग बाहेरच्या सामायिक व्हरांड्यातून मोजलं. तिथे फरशा नाहीत, म्हणून बायकोचा शिवणाचा टेप घेतला. आमच्या कोपऱ्यापासून आमचा पिवळा रंग संपून शेजारच्या बाईंचा हिरवा रंग लागतो तिथपर्यंत. साठ, साठ, साठ, साठ, एक्कावन्न इंच. एकूण चोवीस फूट तीन इंच.

दोन्ही आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि मी खुर्चीतून उठलोच. आमचा हॉल आणि बाईंचं घर, यांच्या मधे पंधरा इंचांची एक करडी पट्टी उरली होती. आपल्या घरात सव्वा फुटाची जागा आहे आणि ती कुणालाच माहीत नाही!

मग मला चैन पडेना. काय असेल आत? जुनी मोरी? बुजवलेला जिना? कुणी काही लपवून ठेवलं असेल का? मी भिंतीला कान लावला. आतून चक्क आवाज आला. किण् किण्, किण् किण्. थोडा वेळ शांत, मग कुणी खोकल्यासारखं. पोकळीत वारा फिरत असणार, असं मी अनुमान काढलं. (बायकोने तेच ऐकून "बाई चहा ढवळतायत" असं अनुमान काढलं. पण तिचा शास्त्राकडे ओढा नाही.)

रविवारी सकाळी मिस्त्री आला. त्याने स्क्रीनवरची तिरकी भिंत पाहिली.

"साहेब, वाकडी भिंत झाली म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात मी. मागून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"ती नंतर. आधी इथे कोनाडा. आत पोकळ आहे."

त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवली. "भरीव लागते."

"कॉम्प्युटर म्हणतो पोकळ आहे."

"कॉम्प्युटरने वाजवून बघितली का?"

"अहो, त्यांचं ऐका ना," बायको म्हणाली. पण घड्याळात साडेदहा वाजले होते आणि माझी उत्सुकता शिगेला पोचली होती. मी म्हटलं, "मारा!"

प्लास्टर पडलं. पाच-सहा विटा निघाल्या. त्यांच्यामागच्या विटा मात्र आमच्याकडे यायच्या ऐवजी पलीकडे पडल्या आणि भिंतीतून उजेड आला! मी मिस्त्रीला बाजूला सारून भोकात डोकं घातलं.

समोर बाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, गणिताच्या. त्या टेबलाशी बसल्या होत्या, हातात चहाचा कप, आणि चहात प्लास्टर.

"बेल आहे आमच्या दाराला," त्या म्हणाल्या.

मला डोकं मागे घेता येईना, म्हणून तसंच उभं राहून मी सगळं सांगितलं. फरशा, व्हरांडा, पंधरा इंच. मागून बायकोचा आवाज आला, "व्हरांडा मोजलात कशाने?"

"तुझ्या टेपने."

"अगं बाई! अहो, त्याचे पहिले तीन इंच नाहीत! दोन वर्षांपूर्वी कात्रीत गेले. मी तीनच्या आकड्यापासून मोजते. तुम्ही कितीदा लावलात?"

"पाचदा."

"पाच त्रिक पंधरा," बाई म्हणाल्या आणि कपातून प्लास्टरचा तुकडा काढून ठेवला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. मिस्त्रीने मला खांद्याला धरून बाहेर ओढलं. घरात पोकळी नव्हती, कोनाडा नव्हता, भिंतीला भोक होतं आणि पावणेअकरा झाले होते. बँडमास्तरांना नकार कळवायला बायकोने फोन हातात घेतला आणि जाता जाता बाईंची माफी मागायला भोकाशी वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"बाई, ही खोली एवढी मोठी? आणि एवढा उजेड?"

"मुलं परगावी गेल्यापासून रिकामीच आहे. मी आपली चहापुरती बसते. का गं?"

"चाळीस कोट शिवायचेत."

"काजं मी करीन," बाई म्हणाल्या. "हात शिवशिवतायत नुसते. पण वेळेवर यायचं."

पाच मिनिटांत फोन झाला आणि होकार गेला. बायको इतकी खुशीत हसली, की मला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. ती म्हणाली, "मशीन उचला."

भोक बुजवू का, असं मिस्त्रीने विचारलं, तेव्हा दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. त्याने ते खिडकीएवढं करून चौकट बसवली. (अगदी काटकोनात. मुद्दाम माझ्याकडे बघत.) आता तिथून कात्री, कापड आणि चहाचे कप ये-जा करतात. जेवणाचं टेबल मला मोकळं मिळालं आहे. तिथे कॉम्प्युटर मांडून मी फावल्या वेळात स्वयंपाकघराच्या भिंती तिरक्या करून बघतो.

परवा मी म्हटलं, खिडकीला पडदा हवा, मला जरा एकांत मिळेल. बायकोने त्याच दिवशी उरलेल्या लाल कापडाचा शिवला, सोनेरी किनार लावून. मी खूश झालो. माझ्या शब्दाला अजून घरात मान आहे, असं मी बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालोसुद्धा.

"तुमच्यासाठी नाही हो," पलीकडून बायको म्हणाली. "तुम्ही मापं भरताना दिसलात की आम्हाला हसू आवरत नाही, आणि बाईंची काजं चुकतात."

आणि तिने पडदा ओढून घेतला.