गंगाधरमामा आणि लग्नातलं कमळ

गंगाधरमामा कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी कुकरचं झाकण मागतात. ताट नंतर. झाकण उजेडात धरतात, शिट्टीच्या नळीत फुंकर मारतात, सेफ्टी वॉल्व्ह अंगठ्यानं दाबून बघतात आणि मगच म्हणतात, "वाढा आता." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला, शोभाला, वाटलं की भांडी नीट घासलेली नाहीत असं ते सुचवताहेत. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मामांशी मात्र छान बोलत होती.

मामा माझे नात्यातले नाहीत. हट्टा गावाच्या फाट्याजवळ माझं पशुखाद्याचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं वर्कशॉप. ट्रॉलीचे जॅक, लोडरचे होस पाइप, तेलाच्या दाबावर जे जे वर उचललं जातं ते सगळं दुरुस्तीला त्यांच्याकडे येतं. आणि या सगळ्यात त्यांचा जीव अडकलाय तो अंगठ्याएवढ्या रिलीफ वॉल्व्हमध्ये. ओझं जास्त झालं आणि तेलाचा दाब हद्दीबाहेर जायला लागला की हा वॉल्व्ह उघडतो आणि तेल गुमान टाकीत परत जातं. मशीन उचलत नाही, पण पाइपही फुटत नाही.

"हा गरीब गप बसून राहतो," मामा तळहातावर वॉल्व्ह ठेवून सांगतात. "कोणी इचारत न्हाई त्याला. अन् ट्रॉली उचलंना झाली की लोकं काय करतात? ह्याचाच स्क्रू आवळतात."

मामांच्या तोंडी शिवी एकच आहे, 'आवळ्या'. ज्यानं जास्त माल उचलावा म्हणून रिलीफचा स्क्रू आवळला तो आवळ्या. हा शब्द आता वर्कशॉपच्या बाहेर पडलाय. आमच्या फाट्यावर बायकोला माहेरी न पाठवणारा नवरा, लेकरांना सुट्टीतही अभ्यासाला बसवणारा बाप, उधारी न देणारा दुकानदार, म्हणजे मी, सगळे आवळे आहेत.

एकदा हिंगोलीला हळदीच्या बाजारात आम्ही सोबत गेलो होतो. एक ट्रॉली जॅकवर उभी उचललेली आणि तिच्याखाली ड्रायव्हर तंबाखू मळत निवांत बसलेला. मामांनी कसलीही ओळखपाळख न काढता त्याला दोन्ही पायांना धरून बाहेर ओढला.

"काका, काहून ओढून राहिले? सावली हाय तिथं," तो म्हणाला.

"व्हय, हाय ना. टेकू लावल्याबिगर बसला तर कायमची सावली हाय."

मामा दर वेळी बरोबर असतात असं नाही. गळणारं तेल समजून त्यांनी एकदा भर रस्त्यात टँकर अडवला होता. ते पाणी होतं, आणि टँकरही पाण्याचाच होता. ड्रायव्हरनं जे ऐकवलं ते मामांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ब्रेकचा दाब कवा बघितला होता?"

तर अशा माणसाला मी पुतणीच्या लग्नाला बोलावलं.

आमची रूपाली एवढीशी होती तेव्हापासून मामांच्या वर्कशॉपात खेळलेली, त्यामुळे बोलावणं भागच होतं. लग्न फाट्यावरच्याच लॉनवर. मुलाकडचे हिंगोलीचे, हौशी. नवऱ्या मुलाचे मामा मोठे कंत्राटदार. त्यांनी हार घालण्यासाठी कमळ ठरवलं होतं. म्हणजे थर्माकोलच्या गुलाबी पाकळ्यांचा एक गोल मंच. नवरा-नवरी त्यात उभे राहायचे, धूर सुटायचा, गाणं लागायचं आणि कमळ हळूहळू दोन माणसं उंच जायचं. खाली अर्थातच हायड्रॉलिक जॅक.

सकाळी मी आचाऱ्याशी बोलत होतो तर शोभा धावत आली. "अहो, मामा कमळाच्या खाली शिरलेत."

जाऊन बघतो तर पाकळ्यांच्या मागून मामांचे फक्त पाय दिसत होते. डेकोरेशनवाला पप्पू शेजारी उकिडवा बसलेला.

"ह्याचा रिलीफ कोणी आवळला?" आतून आवाज आला.

"मामा, मागच्या लग्नात नवरा-नवरीसंगं दोन्हीकडचे मेव्हणे चढले. उचलंना झालं. मंग म्या जरासा आवळला."

मामा बाहेर आले. शिवीसुद्धा दिली नाही, यावरून मामला गंभीर आहे हे मला कळलं. त्यांनी रिलीफ पुन्हा बराबर लावला. मग वर्कशॉपातून एक लॉक वॉल्व्ह आणून जॅकच्या बुडाशी बसवला. पाइप फुटला तरी जॅकमधलं तेल तिथंच अडकून राहावं, कमळ धाडकन खाली येऊ नये, यासाठी. जास्तीच्या दाबानं फुगलेला पाइपही बदलायचा होता, पण तेवढ्या लांबीचा तयार नव्हता आणि वाजंत्री जवळ येऊन राहिली होती.

"आता चाचणी," मामा म्हणाले. "देवराव, तुमच्या दुकानातून पेंडीची पोती आणा."

सरकी पेंडीची पोती कमळात रचली गेली. पप्पूच्या माणसानं सवयीनं धूर आणि गाणं दोन्ही चालू केलं. सनईच्या सुरात, गुलाबी धुरातून माझी पेंडीची पोती हळूहळू आभाळाकडे निघाली. लवकर आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजींनी तर अक्षताही टाकल्या.

नवरदेव आला, मुहूर्त आला. मामांनी एकच अट घातली, वर दोघंच जातील. कंत्राटदार मामा ऐकेनात. "अहो, मी मामा आहे मुलाचा."

"मीबी मामाच हाय," गंगाधरमामा म्हणाले आणि कमळाच्या पायरीवर बसून राहिले.

शेवटी दोघंच चढले. कमळ वर गेलं. सगळ्यांनी मोबाइल उंचावले. रूपालीनं हार उचलला आणि फट्टकन आवाज झाला. मधोमध पाइप फुटला होता. तेलाची चिळकांडी उडाली ती थेट कंत्राटदारांच्या पांढऱ्या सफारीवर. मोटर किंचाळायला लागली, बायका ओरडल्या, माझा भाऊ, रूपालीचा बाप, दोन्ही हात पसरून कमळाकडे धावला.

कमळ जागचं हललं नाही.

मामांनी मोटरचं बटण बंद केलं आणि वर बघितलं. "रूपाली, घाबरू नको लेकरा. खाली यायला येळ लागंल, पडायचं न्हाई. तंवर हार घालून घ्या."

दोघांनी तिथंच हार घातले. भटजींनी खालून शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं. लोक इतके हरखले होते की अक्षता मुठी भरभरून वर फेकू लागले. मामा जॅकजवळ बसले आणि पंगतीसाठी आणलेली वरणाची रिकामी बादली त्यांनी मागून घेतली. जॅकच्या बुडाशी बसवलेल्या लॉक वॉल्व्हचा स्क्रू इतका हळू सैल केला की बादलीत तेलाची दोऱ्यासारखी धार लागली. कमळ बोटाबोटानं उतरू लागलं. रूपालीचा पाय जमिनीला लागला तेव्हा लॉनवर जो कल्ला झाला तो मी कुठल्याच लग्नात ऐकला नाही. कंत्राटदारांनी त्याच तेलकट सफारीनं मामांना मिठी मारली. बँडवाल्यांनी कुणी न सांगताच वाजवायला सुरुवात केली आणि पप्पू रडत रडत नाचला.

पंगती उठल्या. आम्ही मामांना शोधतोय तर ते जागेवर नाहीत. थोड्या वेळानं नवा पाइप खांद्यावर टाकून आले. पाइप जोडला, तेल भरलं, पेंडीची पोती पुन्हा वर-खाली करून बघितली. मला वाटलं, पप्पूच्या पुढच्या लग्नाची काळजी. मग म्हणाले, "पप्पू, गाडी भरायची घाई करू नको. येतोच मी."

ते रिक्षातून परतले तेव्हा सोबत सुभद्रामामी होत्या.

मामींना लकवा मारल्यापासून आम्ही कुणी त्यांना घराबाहेर पाहिलं नव्हतं. लोकांनी असं बघू नये म्हणून त्या दारातही बसत नसत. बोलणंही जवळपास थांबलं होतं. शेजारी असून आम्हाला एवढंच ठाऊक होतं की मामा दुपारी शटर अर्धं ओढून घरी जातात आणि स्वयंपाक तेच करतात.

"हिला गच्चीवर जायचं होतं," मामा मला हळूच म्हणाले. "पहिले सारा दिवस तिथंच राहायची. पापड, मिरच्या, काय काय वाळवायची. आता जिना चढता येत न्हाई. माणसं जाऊ द्या म्हणून थांबलो."

आम्ही मामींना खुर्चीसकट कमळात ठेवलं. शोभा त्यांना धरून बसली.

"मामा, तुमीबी चढा की," मी म्हणालो.

"न्हाई. खाली हात पाहिजे माझा."

धूर नव्हता, गाणं नव्हतं. कमळ निवांत वर गेलं. कुंपणापलीकडं शिवारात हळद वाळत घातली होती, पार कॅनॉलपर्यंत पिवळंच पिवळं. मामींचा पदर वाऱ्यानं उडत होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून फाट्यापलीकडच्या आपल्या घराकडे बघितलं आणि अडखळत, पण स्पष्ट बोलल्या.

"अहो. आपल्या गच्चीवर काय भंगार भरून ठेवलंय तुमी?"

मामांनी वर पाहिलं नाही. एक हात स्क्रूवर, मान खाली.

"पायऱ्याबी झाडल्या न्हाईत. अन् माझी पापडाची बाज कुठंय?"

"हाय, आतमधी हाय," मामा म्हणाले.

"उन्हात काढा तिला."

"काढतो."

पप्पूनं खुणेनं विचारलं, उतरवायचं का. मामांनी मान हलवून नको म्हटलं. वरून बोलणी चालूच होती. मामा तेलानं माखलेल्या हातानं डोळे पुसायला गेले, मग बाही पुढं केली.

"बोलू दे तिला," ते म्हणाले.