तीन हळू, एक लांब

कुणाविषयी लिहावे एवढा माझा अधिकार नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकी शब्द अजून उसने वाटतात. पण सखारामकाकांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्षमा असावी.

विक्रोळीच्या आमच्या चाळीत काका तोंडापेक्षा तुणतुण्यानेच जास्त बोलत. "चहा घेणार?" म्हटले की एकदा तार छेडायची, म्हणजे हो. दोनदा, म्हणजे नको. नळावर भांडण पेटले की खुंटी पिळत असा केविलवाणा सूर काढत, की भांडणाऱ्याच हसत सुटत.

"एकच तर तार! त्यापेक्षा पेटी घ्या," आई म्हणायची.

"वयनी, तुमका जीभ किती? एकच मां? कधी कमी पडली?"

काकांची मुलगी कुसुम. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, म्हणून काका लग्नाला गेले नाहीत. पुढे मन खाऊ लागले. मग दर महिन्याला तिला कुडाळला पत्र. काकांना लिहिता येत नसे, म्हणून लिहायचो मी.

"लिव झिला. तीन हळू, मगे एक लांब."

"म्हणजे?"

"तुण, तुण, तुण. मगे तुणऽऽऽ. लहानपणी रुसली काय असाच वाजवून जेवूक बोलवी. दुसरा काय लिवू नको."

मला लाज वाटली. पोस्टकार्डावर असले काय लिहायचे? मी लिहिले, "गतकाळातील कटुता विस्मृतीत जावी." काकांना म्हटले, लिहिले. पुढेही दर महिन्याला असेच काहीतरी.

दोन वर्षे उत्तर नाही. पोस्टमन पुढे गेला की काका तार सैल करून तुणतुणे भिंतीवरच्या खुंटीला अडकवत. एके दिवशी ते मला बघवेना. सगळे कबूल केले.

काका रागावले नाहीत. कारखान्यात घण मारून घट्टे पडलेल्या बोटांनी त्यांनी तार छेडली. तीन हळू. मग एक लांब, खुंटी पिळत वर नेलेला, शेवटी थरथरत खाली आलेला. कटुता, विस्मृती, माझे सगळे शब्द त्यापुढे फिके पडले. त्या दिवशी मी तेवढेच लिहिले.

नवव्या दिवशी कार्ड आले. मी वाचून दाखवले :

"बाबा, आधीची पत्रे कुणा मास्तराची वाटली. हे तुमचे. मला मुलगी झाली आहे. माझ्यासारखीच रुसते. वाजवायला येणार ना?"

काकांनी तुणतुणे काढले, तार लावली, आणि एकदाच छेडली.