मुळ्याने हाडं मोडणाऱ्या शैलाताई

टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनापाशी असलेल्या भाजीवाल्याकडे शैलाताई मुळा कानाला लावून विकत घ्यायच्या. हातभर लांब, पांढराशुभ्र जपानी मुळा. कानाशी धरून हलकेच वाकवायच्या, डोळे मिटायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. "हा मनापासून मोडणार नाही," म्हणायच्या. भाजीवाला बिचारा कमरेत वाकून माफी मागायचा.

मूळच्या सांगलीच्या, लग्न करून हायाशी झालेल्या शैलाताईंचा धंदाच हाडं मोडण्याचा होता. सिनेमात कुणाची मान पिरगाळली, की तिचा आवाज स्टुडिओत माइकसमोर त्या काढायच्या. मान म्हणजे मुळा. बरगड्या म्हणजे सेलरीची जुडी. कवटीला खरं तर कलिंगड हवं, पण "इथल्या कलिंगडाच्या किमतीत खरा माणूस मिळेल," म्हणून कोबी. काम संपलं की या सगळ्या प्रेतांची कोशिंबीर व्हायची. अन्न टाकायचं नाही म्हणजे नाही! स्टुडिओतली जपानी मंडळी दाण्याचं कूट घातलेल्या माना मिटक्या मारत खायची.

मी तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटरच्या कामावर आलेला, एकटा, त्यांच्या शेजारी राहणारा. एका रविवारी मुळे उचलायला त्यांनी मला सोबत स्टुडिओत नेलं. सिनेमा एका भुताटकीच्या टीव्ही चॅनेलचा होता. त्यावरची मारामारी बघत बसलं, की तो टीव्हीच बघणाऱ्याच्या अंगात शिरतो आणि बघणारा घरच्यांच्याच जिवावर उठतो. पडद्यावर माणसं पटापट मरत होती आणि खाली एप्रन बांधलेल्या पन्नाशीच्या बाई नेमक्या क्षणाला मुळा मोडत होत्या. मी थक्क झालो. मुळा डोळ्यांना दिसत असूनही मी स्वतःची मान चाचपून पाहिली.

शेवटी एक प्रसंग उरला. अंगात टीव्ही शिरलेली आई आपल्या लहानग्या मुलीच्या थोबाडीत मारते. शैलाताईंनी ओला टॉवेल फरशीवर आपटला.

"मोठा," दिग्दर्शक म्हणाला. पुन्हा आपटला. "अजून मोठा, हायाशी-सान!"

शैलाताईंनी टॉवेल खाली ठेवला. "थप्पड नकोच," त्या म्हणाल्या. "इतकी हाडं मोडल्यावर लोकांना थप्पड ऐकूच येणार नाही. मारामारी बघून बघून माणूस बधिर होतो, तुमचा सिनेमा हेच सांगतोय ना?"

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. जमत नसेल तर पुढच्या सिनेमापासून दुसरं कुणी बघू, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. जपानी नम्रपणा ऐकला की मी आवराआवर करायला लागतो.

"एकदा ऐका. मग खुशाल काढा मला."

पडद्यावर हात उगारला गेला, खाली आला. आवाज नाही. मग शैलाताईंनी माइकसमोर श्वास घेतला. लहान मुलाचा, अडखळत, दोन तुकड्यांत आत ओढलेला. बाहेर सोडलाच नाही.

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. दिग्दर्शकाने कानांवरचे हेडफोन काढले आणि तो भाजीवाल्यापेक्षाही खाली वाकला.

परतताना गाडीत उरलेले मुळे मांडीवर घेऊन बसलो होतो. मी विचारलं, "कुठे शिकलात हो हे?"

"आमच्या मीनाला मी एकदाच मारलं," त्या म्हणाल्या. "लहान होती. मी कामावरून दमून आलेले, तिने माझा माइक पाडला. रडली नाही रे ती. एवढाच श्वास घेतला."

मीना क्योतोला शिकत होती. फोनवर आईशी जपानीत दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची, हे मला ठाऊक होतं.

"मग?"

"मग काही नाही. तिने तो श्वास सोडलेला मी अजून ऐकला नाही."