भुताला काही रीत?

आमच्या शेजारच्या कुसुमकाकू भुताचे सिनेमे भर दुपारी बघतात, आणि तेही घराचं दार सताड उघडं टाकून. टीव्हीवर नुसती बाहुली डोळे मिचकावायला लागली, की मी पाय सोफ्यावर घेतो. काकू तेव्हा मेथी निवडत असतात. बाहुलीने मान गर्रकन फिरवली की मेथीची काडी तिच्यावर रोखून म्हणतात, "फिरव. मान तुझीच दुखणारे."

काकूंचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीचं. काका रेल्वेत होते. ते गेल्यापासून काकू आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. मी पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस कमी आणि डोक्यात मतं फार. पण त्यांच्या लेखी मी अजून 'बाळा'. दुपारी दुकान बंद केलं की मी त्यांच्याकडे चहाला जातो. म्हणजे, चहाचं निमित्त. खरा कार्यक्रम त्यांची समीक्षा.

या समीक्षेत छायाचित्रण, पार्श्वसंगीत वगैरे भानगडी नाहीत. प्रश्न एकच: "भुताला काही रीत हाये का?" भांडी आपटणारं भूत त्यांना अजिबात खपत नाही. आलास तर बस, पाणी पी, काय पाहिजे ते बोल, असं त्यांचं म्हणणं. केस मोकळे सोडून स्वयंपाकघरात शिरणाऱ्या हडळीवर तर त्यांचा विशेष राग. आमटीत केस गेला तर कोण जबाबदार?

सिनेमात आता कोण मरणार, हेही त्या आधीच सांगतात. तळघराकडे निघालेला तरुण "मी बघून येतो" म्हणाला तर काकू निवांत. "मी जातो" म्हणाला, की त्या मेथी खाली ठेवतात. "संपला. निघताना 'जातो' म्हणतात का कुणी?" सिनेमा हिंदीत डब केलेला असला तरी नियम तोच. एकदा मीच बोलता बोलता "चला, जातो" म्हणालो. मला जिन्यावरून परत बोलावून, पाटावर बसवून, हातावर साखर ठेवून "येतो" म्हणवून घेतलं. माझा मधुमेहही त्या दिवशी आड आला नाही.

मरणावर विनोद करणारे सिनेमेही त्यांना आवडतात. एकात हॉलमध्ये मयत ठेवलेलं आणि मांडववाला लग्नाच्या खुर्च्या घेऊन दारात हजर. मी खदाखदा हसलो, मग ओशाळलो. काकू म्हणाल्या, "हस की. खरं असंच असतं."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, अविनाशचा, पुण्याहून फोन आला. आईला बाथरूममध्ये चक्कर आली होती, तिला आता कायमचं पुण्याला न्यायचं होतं, आणि आई ऐकत नव्हती. आईचा मुद्दा असा, की सगळ्या सिनेमांत नव्या घरी राहायला जाणाऱ्यांचीच वाट लागते. "तुमचं ऐकेल ती," अविनाश म्हणाला. मी वकीलपत्र घेतलं.

दुसऱ्या दुपारी मी काकूंसमोर पुण्याचा फ्लॅट असा काही उभा केला, की बिल्डरने मला नोकरी दिली असती. लिफ्ट, बाग, चौदावा मजला. भूत चढता चढताच दमेल. काकूंनी विचारलं, "दार कसं हाये?"

मी खुललो. कडी नाही, किल्ली नाही. अंगठा टेकवला की उघडतं, आणि तोही घरच्यांचाच.

मेथीवरचा हात थांबला.

"मग ह्यांचा अंगठा कुठून आणायचा?"

मग काकूंनी सांगितलं ते मला अर्धंमुर्धंच माहीत होतं. काका वर्षाचा तांदूळ घ्यायला घोटीला गेले होते. तिथंच बाजारात कोसळले. पोतं घेऊन आधीच निघालेल्या टेम्पोवाल्याला याचा काही पत्ता नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे पोतं घरी आणलं. घरात रडारड, आणि हा दारात उभा राहून विचारतोय, कुठे ठेवू.

"मी डोळे पुसले अन् म्हटलं, पाटावर ठेव, खाली ओल हाये." काकू हसल्या. मग पदर तोंडाशी नेला. "पोतं आलं, हे नाय आले. पण निघताना 'येतो गं' म्हणाले होते, बाळा. 'जातो' नाय म्हणाले. शब्दाचा पक्का माणूस."

टीव्हीवर कुणीतरी खिडकीची काच फोडून आत शिरत होतं. काकूंनी तिकडे बघितलंही नाही.

"इतके सिनेमे बघितले. एक मेला दारातून सरळ येत नाय. हे दारातूनच येतील. चपला काढून."

मी वकीलपत्र तिथंच सोडलं. म्हणालो, "काकू, तुम्ही आठ दिवस जाऊन बघा तरी. दुपारचा मी इथे बसेन. दार उघडं ठेवून."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "घाबरशील."

"घाबरेन. पण बसेन."

परवा अविनाश गाडी घेऊन आला. काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि सूचना केल्या: आल्या आल्या पुण्याचं सांगायचं नाही, आधी पाणी द्यायचं. चहात साखर कमी. पंखा मोठा नको. मग गाडीत बसून, खिडकीतून घराकडे बघत म्हणाल्या, "येते हं." ते मला उद्देशून नव्हतं.

आज दुपारी मी त्यांच्या घरी बसलोय. टीव्ही बंद आहे. तेवढी माझी छाती नाही. मघाशी वाऱ्याने दार थोडं हललं. माझे पाय आपोआप सोफ्यावर गेले.

मग खाली आले. मी उठलो, माठातलं पाणी भरून दाराशी ठेवलं, आणि पंखा एकवर आणला.