खंडेनवमीची खिट्टी

वाघोशीच्या उड्डाणशाळेत विमान उतरवून त्याचे हलते भाग जागी अडकवणारी खिट्टी घातली नाही, तर वाऱ्याने त्याचं सुकाणू जसं हलेल तशी ते उतरवणाऱ्याची मान हलते. पंखांवरच्या फळ्या उचलल्या गेल्या की हातही उचलले जातात. तिथे याचं कुणालाच नवल नाही. उतरायचं, खिट्टी घालायची, मग चहा घ्यायचा, असा शिरस्ता आहे. एखादं विसरभोळं शिकाऊ पोर दिवसभर नंदीबैलासारखी मान डोलवत फिरतं आणि बाकीचे हसून घेतात.

रोहिणी चौगुले तिथल्या जुन्या प्रशिक्षिका. त्या खिट्टी कधी विसरल्या नव्हत्या. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. शाळेच्या एकुलत्या एका विमानाच्या खिट्ट्या काढून, घासूनपुसून, नटबोल्टचे पाने, पकडी आणि दोरखंडांसह पाटावर मांडल्या होत्या. हळदकुंकू वाहून झालं होतं. विमान शेवटचं उतरवलं होतं, नेहमीप्रमाणे, रोहिणीबाईंनी. दरवर्षी त्यांची मान त्या दिवशी थोडी डुले आणि लोक त्याला देवीचा कौल म्हणत.

यंदा दुपारीच आभाळ काळं झालं. घरी ताट वाढता वाढता रोहिणीबाईंची मान एकदम डावीकडे फिरली आणि हाडातून कट्ट आवाज आला. त्या चांगल्याच घाबरल्या. सुकाणू सुटं राहिलं तर वादळात आपटून तुटतं, हे त्या स्वतःच पोरांना शिकवत आल्या होत्या.

नवरा, प्रताप, अजून कचेरीतून यायचा होता. त्या तशाच स्कूटरवर बसल्या आणि रस्ता दिसेल तेव्हा बघत शाळेत पोहोचल्या.

मुख्य मेकॅनिक मुळीककाका पाटासमोर उदबत्ती सारखी करत होते.

"काका, खिट्टी द्या."

"कशी देऊ, मॅडम? पूजा झाली की. आता उद्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा न्हाई."

"माझी मान मोडेल हो."

"व्हय, मोडंल की," काका हळहळून म्हणाले. "मला बी वाईट वाटतंय. पण पूजेतलं हत्यार उचललं तर पुढं त्येच्यावर भरवसा कुणी ठेवायचा?"

सुकाणू हातांनी धरायला दोघे मेकॅनिक धावले होते. वाऱ्याने दोघांनाही कुंपणावर नेऊन आदळलं. रोहिणीबाईंचे हात खांद्यांतून वरखाली होऊ लागले. मान उजवीकडे गेली, आणखी गेली, आणि त्यांना स्वतःची पाठ दिसते की काय असं वाटलं. जिवाच्या आकांताने त्यांनी दोन्ही हात खाली ओढले आणि हनुवटी गच्च धरली.

मैदानात सुकाणू जागच्या जागी थांबलं.

काकांनी खिडकीतून विमानाकडे बघितलं, मग बाईंकडे. "तशाच ऱ्हावा," ते म्हणाले.

दोरखंड पूजेत असल्यामुळे मुळीककाकूंनी शेजारच्या खोलीतून आपलं जुनं नऊवारी लुगडं आणलं. बाईंना लाकडी खुर्चीत बसवून हात, खांदे, कपाळ असं सगळं खुर्चीला आवळून टाकलं. लुगडं पुरून उरलं. बाहेर पत्रे उडाले, लिंबाचं झाड मुळासकट पडलं. आत रोहिणीबाईंच्या मानेवर सगळं वादळ येऊन रेटत होतं आणि त्या दात आवळून रडत होत्या. विमानाचं सुकाणू तसूभरही हललं नाही.

संध्याकाळ होता होता वारा पडला.

"आता सोडा," बाई म्हणाल्या.

काका पुढे झालेही. पण काकूंनी त्यांचा हात धरला.

"अवो, थांबा. विमान कुणी धरलं? ह्यांनीच ना? मग ह्यांची पूजा राहिली की. आजच्या दिवशी तशाच ठेवल्या तर बरं न्हाई."

काकांना ते पटलं. रोहिणीबाई "नको, काकू, आधी सोडा," असं म्हणेपर्यंत काकूंनी त्यांच्या कपाळाला, लुगड्याच्या पट्टीच्या वर, हळदकुंकू लावलं होतं. मांडीवर झेंडूचं फूल आलं, अक्षता पडल्या. काकांनी हात जोडले आणि मागे सरकून उभे राहिले. मग सोडायला कुणीच पुढे होईना.

"काका," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला भीती वाटतेय."

"उद्या सकाळीच उत्तरपूजा करू, मॅडम. भटजींना लवकर बोलावतो."

तेवढ्यात प्रताप धापा टाकत दारात आला. बायकोला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याची नजर तिच्या कपाळाकडे गेली. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीला वाकून नमस्कार केला आणि तिला हात न लावता म्हणाला, "जेवलीस का?"