उकंडराव मोहोडांची देणी

रस्त्यात माणूस भेटलं की लोक रामराम म्हणतात. उकंडराव मोहोड विचारत, "माह्याकडे तुमचं काई निघते काय?"

हा प्रश्न ते कोणालाही विचारत. पोस्टमनला, न्हाव्याला, दारात आलेल्या वासुदेवाला. एकदा मोर्णेच्या पुलावर त्यांनी एका हवालदाराला विचारलं. हवालदाराने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता काय सांगू साहेब, तुमीच समजून घ्या." उकंडरावांनी त्याला तिथल्या तिथे दोन रुपये दिले.

उकंडराव मूळचे आमच्या जुन्या शहरातलेच. अकोल्यात कापसातून सरकी काढायच्या एका जिनमध्ये ते फिटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका कच्छी शेठजींच्या ओळखीने ते युगांडात गेले. तिथेही कापूस पिकतो, तिथेही जिन आहेत आणि त्याही आपल्यासारख्याच ऐन हंगामात बिघडतात. बावीस वर्षं त्यांनी त्या दुरुस्त केल्या. लग्न राहून गेलं. नवे पैसे सुरू झाले त्या सुमारास ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक सोला हॅट, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, बऱ्यापैकी रक्कम आणि 'पोले पोले' एवढं सामान होतं. पोले पोले म्हणजे तिकडच्या भाषेत सावकाश. हे ते टांगेवाल्याला म्हणत, पिठाच्या गिरणीवाल्याला म्हणत, आणि जुलाबाचं औषध देणाऱ्या डॉक्टरलाही म्हणत.

आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की, जाताना आपण गावाचं देणं बुडवून गेलो होतो, ते आता फेडायचं आहे. ज्याचं असेल त्याने सकाळी आठ ते दहा ओट्यावर यावं. कागद नको, वही नको, साक्षीदार नको. फक्त याद सांगायची. मी कधी आलो, काय घातलं होतं, मी काय म्हणालो, तुम्ही काय म्हणालात, सगळं.

आता अकोला हे काही भोळ्या लोकांचं गाव नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यासमोर रांग लागली.

उकंडराव आरामखुर्चीत, समोर बाकड्यावर घेणेकरी. उलटतपासणी अशी की, वकिलाला घाम फुटावा. एका शिंप्याने कोटाची शिलाई राहिल्याचं सांगितलं. "मी कोट घालून कुठं जाऊन राहिलो होतो?" शिंपी गडबडला. "फोटो काढाले," तो म्हणाला. "मंग फोटोत मी हासलो काय?" "हासले ना! फोटोवाला म्हने हासू नोका, तरी हासले." उकंडराव खूश झाले. त्या काळी त्यांच्याकडे कोटच काय, दुसरा सदराही नव्हता, हे मला आमच्या घरून माहीत होतं. शिंप्याला आठ रुपये मिळाले.

गोष्ट सपक असली की ते तोंड वाकडं करत. "यात जीव नाई. पोले पोले सांगा. घाई कावून करून राहिले?" मागितलेल्या दहा रुपयांचे मग तीन व्हायचे. गोष्ट रंगली तर वर एखादा रुपया. एका पानवाल्याने सांगितलं की, जायच्या आधी तुम्ही माझ्या ठेल्यावर उभे राहून रडला होतात. त्याला एकदम दहा मिळाले. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्यांना रडवू लागला. त्या आठवड्यात बावीस वर्षांपूर्वीचे उकंडराव अकोल्यात जागोजाग रडत उभे होते. कोणी त्यांना डोळे पुसायला उपरणं दिलं होतं, कोणी पाणी.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. अमरावतीहून एक गृहस्थ एसटीने आले आणि सांगू लागले की, स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी मिरवणुकीत उकंडरावांनी आपल्याकडून सात रुपये घेतले. त्या दिवशी उकंडराव युगांडात कुठल्यातरी इंजिनाच्या पोटात शिरलेले असणार. पण त्यांनी मान डोलावली. "मिरवणुकीत मी कुठं होतो?"

"एकदम म्होरं. झेंडा तर तुमच्याच हाती होता!"

सात रुपये आणि एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं.

मी शाळामास्तर. हे सगळं मी शाळेत जाता-येता पाहत असे आणि मधल्या सुट्टीत रंगवून सांगत असे. लोकांच्या लोभाबद्दल मला फार वाईट वाटे. महिनाभर वाईट वाटून घेतल्यावर एका रविवारी मीही रांगेत उभा राहिलो.

माझी बाजू इतरांपेक्षा भक्कम होती. आमचे अण्णा त्याच जिनमध्ये हिशेबनीस होते. ते आणि उकंडराव दुपारी एकत्र डबा खात. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे ते काही उलटी साक्ष द्यायला येणार नव्हते. आणि आम्ही मास्तर लोक खोटंसुद्धा व्याकरणशुद्ध बोलतो.

मी सांगितलं की, तुम्ही निघालात त्या दिवशी अण्णा स्टेशनवर आले होते. रुमालात बांधून त्यांनी पंधरा रुपये तुमच्या हातात दिले. मुंबईची गाडी सुटली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की, भाकरीचं गाठोडं आपल्याच काखेत राहिलं. अण्णा गाडीबरोबर धावले. एका पायातली चप्पल निसटली, तरी थांबले नाहीत. गाठोडं खिडकीतून आत टाकलं आणि ओरडले, "पोचलास की पत्र टाक!"

उकंडरावांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "चप्पल कोनत्या पायाची?"

"डाव्या."

"मंग?"

"मग काय, तसेच घरी आले. आई हसली, तर तिच्यावरच चिडले."

ते आत गेले, पंधरा रुपये घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवले. त्या दिवशी त्यांनी पुढच्या माणसाला बसवलं नाही. रांग चरफडत गेली. मी त्या पैशांचे पंपशू घेतले आणि ते घालून सोमवारी वर्गात सत्य बोलावे हा धडा शिकवला.

पण चटक वाईट. दोन महिन्यांनी मुलीच्या बारशाचा खर्च निघाला आणि मला अण्णांनी दिलेलं ब्लँकेट आठवलं. बोटीवर थंडी वाजेल म्हणून दिलेलं, शुद्ध लोकरीचं. मी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, रांग पांगली होती. मी बाकड्यावर बसून सुरुवात केली तोच उकंडरावांनी हात वर केला.

"रायू द्या, मास्तर. ते टेसनावरचं लय झालं."

"पण ब्लँकेट..."

"तुमच्या अण्णानं मले एक पैसा देला नाई." आवाजात राग नव्हता. ते अगदी सहज बोलत होते. "जायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या घरी आलो होतो. पाच रुपये कमी पडून राहिले होते. दुसऱ्या कोनाकडं गेलोच नाई, आपला मानूस म्हनून अण्णाकडंच आलो. त्यानं मले येतानी पाह्यलं आन् दार लावून घेतलं. कडी वाजली. मी ओट्यावर बसून रायलो बराच वेळ. मंग गेलो. टेसनावर कोनी आलं नाई."

मी पंपशू घातलेले पाय बाकड्याखाली ओढून घेतले.

"मग पैसे कशाला दिलेत?" मी विचारलं.

"खरे घेनेकरी तिघंच होते. त्याईचे पयल्याच दिवशी देऊन टाकले. त्याईनं नोटा मोजल्या आन् चालले गेले. एकानंबी नाई इचारलं का बापा, तिकडं कसा होता, कोन रांधून देत होतं. मंग हे बाकीचे आले. खोटं सांगतात, मले काय समजत नाई? पन माह्याबद्दल सांगतात ना! रातभर इचार करून येतात, मी हासलो का रडलो. बावीस वर्सं ते कडी माह्या कानात वाजून राहिली होती. आता कधी कधी अण्णा धावतानी दिसतात. पंधरा रुपयात महाग नाई पडलं, मास्तर."

मला अण्णांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त माझी. अण्णांनी निदान खरंखुरं दार लावलं होतं. पैसे परत करतो, असं मी म्हणालो. कुठून करणार होतो ते माझं मला माहीत नव्हतं. उकंडरावांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ते माझा चेहरा निरखून पाहत होते.

"एक गोष्ट इचारू? मी ओट्यावरून उठलो तवा तुमच्या खिडकीत एक लेकरू उभं होतं. त्यानं मले हात हालवला, असं मले वाटते. इतकी वर्सं झाली, नक्की सांगता येत नाई. तुमी तवा आठ-नऊ वर्साचे असान. ते तुमी होते काय? खरं सांगजा."

मी खूप आठवून पाहिलं. खिडकी आठवली, तिचे गज आठवले, पण ओट्यावर बसलेला माणूस काही केल्या आठवेना.

"मीच होतो," मी म्हणालो. "तुम्ही गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. अण्णा रागावले, तरी हललो नाही."

उकंडरावांनी मान डोलावली. मग सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. मी तो मध्येच धरला, आणि लवकर सोडला नाही.