ढिगावरचं व्याख्यान

बारीक वस्तू ओळखण्यात माझा हात धरेल असा माणूस आमच्या गल्लीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दारातूनच दिसतो. बोटात कुसळ गेलं की लोक डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतात. त्यामुळे घरात मुंग्यांचा प्रश्न निघाला, तेव्हा तो कोणी सोडवायचा याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

प्रश्न साधा नव्हता. माझी बायको खालच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. सहा वर्षांपूर्वी एका मुलीवर सुरुवात केली, आता नऊ मुलं आहेत. सोमवारी अंगणात खेळताना वकीलबाईंच्या लेकीच्या टाचेला मुंगी चावली. मुलगी रडली, गप्प झाली, आम्हाला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्या जागी मोहरीएवढा पांढरा फोड आला. संध्याकाळी वकीलबाई मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुंगी साधी लाल होती, की आगमुंगी? आगमुंग्या असतील, तर बंदोबस्त होईपर्यंत आपण मुलीला पाठवणार नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. वकील शांतपणे बोलायला लागला की समजावं, कागद तयार आहेत.

बायको त्या दिवशी धड जेवली नाही. एक मूल गेलं की दुसरं जातं, आणि मग उरलेली जायला वेळ लागत नाही, एवढंच म्हणाली. सहा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसून ते पाळणाघर उभं केलं होतं. मला राहवलं नाही.

"शनिवारी सकाळी सगळ्या आईबापांना बोलाव," मी म्हणालो. "मुंगी कसली ते मी सांगतो."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ते कौतुक असावं, असं मी धरून चाललो.

मग मी अभ्यासाला लागलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायचं, आणि पुढे पुढे असलं तरी वाचायचं. एका आजोबांना फळ्यावरची अक्षरं दाखवायची सोडून मी मुंगीच्या कंबरेला किती गाठी असतात ते सांगत बसलो. आगमुंगी तांबूस तपकिरी, मागचा भाग काळपट. कंबरेला दोन गाठी. एकाच वारुळात बारीक, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या मापांच्या मुंग्या, एकत्र कुटुंबासारख्या. ती आधी जबड्यानं कातडी धरते, मग मागच्या नांगीनं डंख मारते, आणि एकावर भागत नाही. वारूळ म्हणजे भुसभुशीत मातीचा ढीग, आणि वर त्याला तोंड नसतं. हे सगळं मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत लहान लहान होत गेली, पण तो धंद्याचा दोष.

गुरुवारी प्रत्यक्ष पाहणी केली. या मुंग्यांना तेलकट आवडतं असं वाचलं होतं, म्हणून कुंपणाच्या भिंतीलगत बटाट्याच्या वेफर्सचे तुकडे ठेवले. भिंतीलगतच का? तर तिथे सावली होती आणि मला खुर्ची टाकून बसता येत होतं. अर्ध्या तासात मुंग्या आल्या. सात पकडल्या, चष्म्याच्या घरात ठेवल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. सगळ्या एका मापाच्या, काळपट, कंबरेला एकच गाठ. साध्या घरमुंग्या. मी ताठ मानेनं घरात येऊन निकाल जाहीर केला.

सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. त्यांची तीस वर्षं रोपवाटिकेत गेलेली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, झोक्याजवळच्या त्या मातीकडे एकदा बघा."

मी हसलो. झोक्याजवळची माती म्हणजे नळवाल्यानं पंधरा दिवसांपूर्वी पाइपसाठी खणलं तेव्हा राहिलेला ढिगारा. शिवाय त्याला कुठे एक भोक नव्हतं, मुंग्या जाणार येणार कुठून? असं मी त्यांना समजावून सांगितलं. पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ मीच माझ्या हातानं लिहिली होती, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. पण ती ओळ सगळ्यात लहान अक्षरात होती.

शनिवारी सकाळी नऊला आईबाप जमले. वकीलबाई वही घेऊन पुढे उभ्या. त्यांच्या शेजारी बेकरीवाला, त्याची जुळी मुलं आमच्याकडे असतात. तो घरून उकळत्या पाण्याची किटली घेऊनच आला होता, वारूळ सापडलं की ओतायला. बायको सगळ्या मुलांना आत ठेवून, दार ओढून घेऊन दाराबाहेर उभी होती. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी नवी कडक पँट घातली होती आणि पायात चपला. मागच्यांना पुठ्ठा दिसेना, म्हणून मी जरा उंच जागा शोधली. झोक्याजवळचा तो ढिगारा नेमका वीतभर उंच होता. मी त्यावर चढलो.

बायकोनं आवाज दिला. मी हातानंच थांब म्हणून खूण केली. वक्त्याला मधे तोडू नये.

"मंडळी," मी म्हणालो, "या अंगणात एकही आगमुंगी नाही."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो पाहून माझी छाती फुगली. मी रंग सांगितला, गाठी सांगितल्या, मापं सांगितली. पोटऱ्यांवर काहीतरी गुदगुल्या होत होत्या. भाषणाची सवय नसली की असं होतं, असं वाटलं. मग मी चौथ्या मुद्द्यावर आलो. ही मुंगी माणसाच्या अंगावर गुपचूप चढते, त्याला पत्ता लागत नाही, आणि कोणी इशारा द्यावा तशी...

त्यांना इशारा मिळाला.

गुडघ्यापासून खाली कोणीतरी निखारे ओतावेत तसं झालं. तरी मी वाक्य पूर्ण केलं, याचा मला आजही अभिमान आहे. आवाज तेवढा दोन पट्ट्या वर गेला. मग डावा पाय आपोआप उचलला गेला, मग उजवा, मग दोन्ही. बेकरीवाल्याला वाटलं मी मुंगीची चाल करून दाखवतोय, तो कौतुकानं मान हलवत होता. वकीलबाई लिहून घेत होत्या. मी मुलांच्या पाण्याच्या टबात उडी घेतली, तेव्हा मात्र त्यांनी पेन थांबवलं.

पाण्यात कोण सोडतंय! उलट त्यांनी पकड घट्ट केली. सासूबाई उठल्या, मला टबातून ओढून बाहेर काढलं, पायरीवर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि कोरड्या फडक्यानं सपासप झटकायला सुरुवात केली. यांना धुवायचं नसतं, झटकायचं असतं, असं त्या रोपाची पानं पुसताना सांगावं तसं सांगत होत्या. मधेच त्यांनी माझा श्वास नीट चालतोय ना, ओठ सुजले नाहीत ना, तेही पाहिलं. ढिगाऱ्यावर तोवर बारीक, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या मापांच्या तांबूस मुंग्या उसळत होत्या. भिंगाची गरज नव्हती.

बेकरीवाला किटली घेऊन पुढे सरसावला. बायकोनं त्याला अडवलं. वरच्या मरतील, पण राणी खोल असते, ती दुसरीकडे घर करील, असं तिनं सांगितलं. मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली. मुंग्या आहेत, इथेच आहेत, आणि बुधवारपासून आपण एकाही मुलाला अंगणात सोडलेलं नाही. औषधवाला सोमवारी येऊन आमिषाचे दाणे टाकेल, कामकरी मुंग्या ते स्वतःच राणीपर्यंत नेतील. तो पूर्ण साफ म्हणेपर्यंत अंगण बंद. हे तिनं मंगळवारीच ठरवलं होतं. आईचं ऐकून. मला सांगायचा तिनं दोनदा प्रयत्न केला होता, पण मी भिंगात होतो.

वकीलबाईंनी वही मिटली. पाळणाघराचं काय होणार, ते आता त्यांच्या एका वाक्यावर होतं.

"माझी मुलगी सोमवारपासून येईल," त्या म्हणाल्या. "लपवलं असतं तर नसती आली. पण तुमच्या यजमानांनी आम्हाला कळावं म्हणून स्वतःच्या पायावर करून दाखवलं, हे मात्र फारच झालं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवरून तिच्याकडे पाहिलं. ती खरं सांगू शकत होती.

"त्यांचं असंच असतं," ती म्हणाली. "कामात झोकून देतात."

दुसऱ्या दिवशी मोजले. एकसष्ट पांढरे फोड, प्रत्येक मोहरीएवढा. एकही फोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सोमवारी औषधवाला आला. ढीग पाहून त्यानं नुसती मान हलवली, पण माझे पाय पाहून तो थबकला आणि परवानगी घेऊन त्यानं फोटो काढले. आता त्याच्या जाहिरातीच्या पत्रकावर 'आगमुंगी अशी ओळखा' या ओळीखाली ती पोटरी छापलेली आहे. गल्लीत घरोघर वाटलंय. पोटरी माझी आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

नाव खाली सासूबाईंचं आहे. माहितीबद्दल आभार म्हणून.